त्याची गोष्ट स्टेजवरून सांगायची का?

पत्र थोडक्यात : बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, ५४ वर्षांच्या एक ताई उत्तर महाराष्ट्रातल्या एका शहरातून लिहितात. गेली सहा वर्षं त्या एका छोट्या संस्थेला वेळ देतात. चोरी-मारामारीच्या प्रकरणात पोलिसांच्या हाती लागलेली अठरा वर्षांखालची मुलं तारखांच्या फेऱ्यात आणि निरीक्षणगृहात अडकून पडू नयेत, समुपदेशन, समाजसेवा आणि शिक्षणाच्या वाटेला लागावीत, यासाठी ही संस्था अशा मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळाबरोबर काम करते. निधी आटल्यामुळे समितीने पुढच्या महिन्यात एका हॉटेलात कार्यक्रम ठरवलाय. भावगीतांची मैफल, नंतर जेवण, दहा जणांचं एक टेबल, ताटाला पाच हजार रुपये. कार्यक्रम बसवणाऱ्यांचं म्हणणं असं की मध्यंतरानंतर एखाद्या मुलाने स्वतः येऊन आपली गोष्ट सांगितली तरच लोक खिशात हात घालतील. समितीने मुलगाही ठरवलाय. सोळाव्या वर्षी तो मित्रांबरोबर चोरीच्या मोटारसायकलवर सापडला होता. आता १९ वर्षांचा आहे आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करतोय. ताईंना तो काकू म्हणतो, म्हणून त्याला विचारायचं काम ताईंकडे आलंय. घरी यजमान म्हणतात, 'चोरांसाठी मेजवान्या कसल्या घालता?' दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या गळ्यातली साखळी अशाच दोन पोरांनी ओढली होती. ताईंचा प्रश्न : 'त्याला विचारू का? नाही विचारलं आणि पैसे जमले नाहीत, तर पुढच्या मुलांचं नुकसान माझ्यामुळे होईल. की समितीच सोडून देऊ?' (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी थांबले. तुम्ही अगदी सहज लिहून गेलात, 'मी विचारलं तर तो नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.' समितीला ही गोष्ट सोयीची वाटली. तुम्हाला ती बोचली, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत.

तो नाही का म्हणणार नाही? शाळा सुटल्यावर बाहेरून दहावीला बसण्यासाठी त्याचा १७ नंबरचा फॉर्म तुम्ही भरलात. बाल न्याय मंडळाच्या तारखेला त्याची आई धुण्याभांड्याच्या कामांना खाडा करून यायची, तेव्हा तिच्या शेजारी बाकावर तुम्ही बसून राहिलात. आयटीआयच्या प्रवेशासाठी दाखले गोळा करताना तहसील कचेरीत त्याच्याबरोबर खेटे घातलेत. अशा काकूंनी 'येशील का रे पाच मिनिटं स्टेजवर?' म्हटलं, तर तो मुलगा मान डोलावण्याखेरीज काय करणार? त्याच्यावर तुमचे उपकार आहेत असं तुम्ही कधी मानलं नसेल, पण तो मानतो. ज्याला नाही म्हणायची सोयच नाही, त्याचा होकार धरू नये. तो १९ वर्षांचा आहे, सज्ञान आहे, हे समितीचं म्हणणं कागदावर खरं आहे. पण ज्या गोष्टीबद्दल त्याने बोलायचंय, ती घडली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्या सोळा वर्षांच्या मुलाला मिळालेलं संरक्षण आज तुम्ही त्याच्याकडून परत मागताय.

तुम्हाला आमच्याकडची एक हकिगत सांगते.

आमच्या नात्यात एक मुलगा होता. सासरचा की माहेरचा, ते सांगत नाही. पंधराव्या वर्षी त्याने आणि दोन मित्रांनी शेजारच्या काकांची स्कूटर रात्री ढकलत गल्लीबाहेर नेली, वायर जोडून चालू केली आणि नाक्यावर भाजीच्या एका हातगाडीत घातली. भाजीवाला बाजूला झोपला होता म्हणून वाचला. गाडीचा चुराडा झाला. सकाळी हवालदार दारात. मुलाचे वडील सदरा चढवून चौकीत गेले. तिथले साहेब त्यांच्या वर्गमित्राचे भाऊ निघाले. मग भाजीवाल्याला नवी हातगाडी करून दिली, त्याच्या बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले. मुलाला काकांसमोर हात जोडून उभं केलं. दिवाळीच्या सुट्टीत त्याच पोराने काकांच्या कंपाउंडच्या भिंतीला चुना लावला. मला त्याच्या चपला आठवतात, चुन्याचे शिंतोडे वाळून पांढऱ्या झालेल्या. काकू मधूनच चहाचा कप भिंतीवर ठेवून जायच्या, न बोलता. आज तो चांगल्या हुद्द्यावर आहे. कुठल्या लग्नात, बारशात, मुंजीत कुणी तो विषय काढत नाही. त्याच्या बायकोला ठाऊक आहे की नाही, मला सांगता येणार नाही.

भरपाई, माफी, अंगमेहनतीचं काम, मोठ्यांची नजर आणि नंतर सगळ्यांनी मिळून विसरून जाणं. तुमची संस्था वेगळं काय करते? पोराला वळण लावणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच की आमच्या त्या मुलाच्या वडिलांना चौकीत ओळखीचं कुणी भेटलं, आणि तुमच्या मुलाच्या आईला तिथे कुणी ओळखत नव्हतं.

कायद्याने हाच विचार सगळ्या मुलांसाठी मांडलाय. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये तत्त्वं दिली आहेत. त्यातलं एक असं की मुलाच्या किंवा समाजाच्या हितासाठी गरज नसेल, तर विधिसंघर्षग्रस्त बालकाचं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचं, प्रकरण न्यायालयीन कारवाईखेरीज हाताळण्याला उत्तेजन द्यावं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतही हे आहे आणि भारताने ती १९९२ साली स्वीकारली. मुलाला कोठडीत टाकता येत नाही, २४ तासांत मंडळासमोर आणावं लागतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे गुन्हा सर्वांत गंभीर गटातला (निर्घृण) नसेल आणि सोबत मोठी माणसं नसतील, तर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांपैकी किमान एक स्त्री. समज देऊन घरी पाठवणं, गटात समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षेवर (देखरेखीखाली) सोडणं, असे अनेक मार्ग कलम १८ ने त्यांच्या हाती दिले आहेत.

पण कायद्याचा कागद मुलाच्या घरी चालत जात नाही. समाजसेवा करायला सांगितली, तर ती कुठे करायची? वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना कोण पटवणार? तिसऱ्या दिवशी पोरगा आलाच नाही, तर वस्तीत जाऊन तो कुठल्या कट्ट्यावर बसलाय ते कोण बघणार? परिविक्षा अधिकाऱ्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, ते एकटे कुठे कुठे पुरणार? या धावाधावीसाठी तुम्हाला पैसे हवेत. म्हणजे त्या संध्याकाळी हॉटेलात जमणाऱ्या लोकांकडून तुम्ही मागताय तो ओळखीतला एक फोन आहे. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या पोरासाठी त्यांनी कधीतरी केलेला, किंवा त्यांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी केलेला. सभागृहातल्या वीस टेबलांवर असं पोर नसलेलं एकही घर सापडणार नाही, असं मला वाटतं. हे त्यांना सांगा. त्यासाठी कुणाच्या मुलाला उभं करावं लागत नाही.

आता त्या मुलाच्या बाजूने बघा. आमच्या नात्यातल्या मुलाला घराने विसर दिला. तो विसर कायदाही देतो. कलम २४ म्हणतं की अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कसलीही अपात्रता चिकटणार नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याचे कागद नष्ट करावेत. (सोळा वर्षांवरच्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात प्रौढ धरून खटला चालला, तर गोष्ट वेगळी. तुमच्या मुलाचं प्रकरण तिथवर जाण्यासारखं नव्हतंच.) कलम ७४ तर आणखी स्पष्ट आहे. प्रकरण मिटलेलं असेल, तर चारित्र्य पडताळणीसाठीसुद्धा पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही. जी गोष्ट उद्या नोकरीच्या वेळी पोलीस ठाण्याने सांगायची नाही, ती आपण माइकवरून, दोनशे लोकांपुढे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना, त्याच्याच तोंडून सांगवणार?

आणि ते दोनशे लोक कोण, हे तुमच्याच पत्रात आहे : बांधकाम व्यावसायिक, कंत्राटदार, डॉक्टर, सोसायट्यांचे अध्यक्ष. इलेक्ट्रिशियन होऊन शहरात काम मागायला हा मुलगा याच लोकांच्या दारात जाणार आहे. त्या रात्री ते उभं राहून टाळ्या वाजवतील, मनापासून वाजवतील. पण सहा महिन्यांनी घरात सासूबाई एकट्या असताना स्विचबोर्ड दुरुस्तीला कुणाला बोलवायचं असा प्रश्न आला, तर त्यांना त्याचा कोणता चेहरा आठवेल? त्यांना मी वाईट ठरवत नाही. माणसाच्या मनात अशी गोष्ट एकदा गेली की ती तिथून काढता येत नाही.

मुंबईत डोंगरीचं निरीक्षणगृह जुन्या तुरुंगाच्या आवारात आहे. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, शिक्षा झाल्यावर टिळक आणि आगरकर १८८२ साली त्याच डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्यांच्या त्या दिवसांची गोष्ट आपण शाळेपासून अभिमानाने ऐकत आलो, कारण ते तिथे आपल्या लेखणीपायी गेले होते. आत गेल्याची गोष्ट कुणाला मिरवता येते आणि कुणाला आयुष्यभर लपवावी लागते, हे तो आत का गेला यावर ठरतं. मोटारसायकलच्या चोरीत सापडलेल्या पोराला समितीने 'प्रेरणादायी प्रवास' असं नाव देऊन ही गोष्ट मिरवायला लावली, तरी त्याच्या आईच्या वस्तीत, त्याच्या बहिणीच्या होणाऱ्या सासरी ती तशी पोचणार नाही.

'नाव बदलू, चेहरा पुसट करून फिल्म दाखवू', हा समितीचा दुसरा पर्याय तुम्ही कळवलाय. त्यानेही माझं मन निवत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं माहितीपत्रक माझ्या हाती आलं होतं. मुलाचा चेहरा नीट पुसला होता, पण शर्टाच्या खिशावर शाळेचा बिल्ला स्वच्छ वाचता येत होता आणि मागे चहाच्या टपरीवर मालकाच्या नावाची पाटी होती. त्या गावातल्या कुणालाही मुलगा ओळखायला अर्धा मिनिट पुरे. कलम ७४ फक्त नावापुरतं नाही. पत्ता, शाळा किंवा ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील छापायला-दाखवायला त्यात मनाई आहे आणि मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 'अमुक पेठेतला, वडील रिक्षा चालवायचे, दोन वर्षांपूर्वी वारले, आता आयटीआयला आहे' एवढं वाक्य तुमच्या शहरात त्याचं नाव घेतल्यासारखंच आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत हे कलम छापून न्या. तुमचा आक्षेप हळवेपणाचा वाटत असेल, तर तो गैरसमज निदान तेवढ्याने दूर होईल.

मग कार्यक्रमात करायचं काय? इथे मला तुमच्या समितीचं एक गृहीत तपासून बघावंसं वाटतं : कुणीतरी रडल्याशिवाय लोक देत नाहीत. ताई, पाच हजारांचं ताट घेतलेला माणूस दारातून आत येण्यापूर्वीच देऊन बसलाय. वीस टेबलं भरली तर दहा लाख येणार. हॉटेल, जेवण, गायक, ध्वनिव्यवस्था मिळून सव्वाचार लाखांचा अंदाज तुम्ही दिलाय. पावणेसहा लाख उरतात. डोळ्यांतलं पाणी हवंय ते त्यावरच्या आकड्यांसाठी, मध्यंतरानंतर टेबलावर फिरणाऱ्या कार्डांसाठी. त्या भरात लिहिलेला आकडा प्रत्यक्षात किती वेळा जमा होतो, हे तुमच्या खजिनदारांना विचारून बघा. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या तुम्हाला हे मी काय सांगायचं!

माझ्या मनात एक वेगळीच कल्पना आली. सामाजिक पार्श्वभूमी अहवालाचा कोरा नमुना असतो ना, जो पोलीस भरतात? कुणाचंही नाव नसलेला, कोरा. तो प्रत्येक टेबलावर ठेवा, ताटाशेजारी. घरात कोण कोण, मिळकत किती, शाळा सोडली असेल तर कारण काय, मित्र कसे, सवयी कोणत्या, मुलावर कधी अत्याचार झालाय का. मग दोन मिनिटं दिवे मंद करा आणि लोकांना म्हणा, तुमच्या सोळाव्या वर्षी हा कागद कुणी भरला असता तर काय लिहिलं असतं, ते मनातल्या मनात भरून बघा. पकडल्या जाणाऱ्या मुलांपैकी चारात निदान तीन १६ ते १८ या वयातली असतात. ते वय त्या सभागृहातल्या प्रत्येकाने ओलांडलंय. भावगीतं ऐकून मन मऊ झालेलं असताना हा कोरा कागद जे करेल, ते त्या मुलाच्या थरथरत्या आवाजाने होणार नाही. आणि घरी जाताना लोकांच्या लक्षात राहील ते त्यांचं स्वतःचं सोळावं वर्ष.

त्यानंतर तुम्ही बोला. हो, तुम्हीच. तीन मिनिटं. मंडळाच्या बाहेरच्या बाकावर काय दिसतं ते सांगा. एका मुलाची नव्हे, त्या बाकाची गोष्ट. पदराला गाठ मारून बसलेल्या आया, दुपारी एकला उघडलेले डबे, 'आज होईल का हो?' हा प्रश्न. मंडळावर पूर्वी काम केलेल्या एखाद्या ताई किंवा निवृत्त परिविक्षा अधिकारी मिळाले, तर त्यांना कामाची पद्धत सांगू दे, प्रकरणं नको. ज्या वृद्धाश्रमात मुलं समाजसेवेला जातात, तिथल्या आजीही चालतील, मुलांची नावं घ्यायची नाहीत एवढं बजावून. कुणी म्हणेल, चार मुलांची मिळून एक गोष्ट रचू. रचा, पण ती रचलेली आहे हे आधी सांगा, आणि तपशील शहराबाहेरचे घ्या.

मुलांना गुलाब घेऊन स्वागताला उभं करू नका. पाहुण्यांना दिवा लावायला नेताना मागे चालायला लावू नका. वाढप्यांतसुद्धा नको. ज्याला त्या रात्री वायरिंगचं काम द्यावंसं वाटतंय (तुमच्या पत्रात ते आहेच), त्याला द्या खुशाल, पण बाजारभावाने, आधी ठरवून, आणि 'हे बघा, आमच्याच मुलाने केलंय' हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघणार नाही एवढी काळजी घेऊन.

पैशांइतकीच एक मागणी त्या लोकांकडे करा. डॉक्टर असतील त्यांच्याकडे महिन्याला चार समुपदेशनाचे तास मागा. ग्रंथालयाचे, बागेच्या समितीचे, रुग्णालयाचे विश्वस्त असतील, तर समाजसेवेसाठी मुलाला घेण्याची तयारी मागा, आणि तो मुलगा कोण, कशासाठी आलाय, हे तिथल्या एकाच माणसाला माहीत असेल अशी अट घाला. एकरकमी पन्नास हजारांपेक्षा दरमहा हजार देणारे पन्नास जण शोधा. तुमच्या कामाला वर्षभर पगार द्यावे लागतात, मेजवानीच्या महिन्यापुरते नाही. आणि खर्च वजा जाता किती उरले, ते पंधरा दिवसांच्या आत सगळ्यांना कळवा.

आता घरचं. यजमानांच्या बोलण्याने तुम्ही दुखावलात, ते साहजिक आहे. पण त्यांच्या रागामागे तुमच्या नणंदबाई आहेत, हे विसरू नका. त्या अजून रस्त्याने जाताना गाडीचा आवाज आला की गळ्याशी हात नेतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यापुढे 'पोरंच ती' असं म्हणू नका. त्यांच्या गळ्यावर ओरखडा उठला होता, आणि त्या प्रकरणात त्यांना कुणी काही विचारलं नाही. साखळी परत मिळाली नाही. ती पोरं कोण, त्यांचं पुढे काय झालं, कुणी सांगायला आलं नाही. मला वाटतं तुमच्या कामाचं घरात वैर झालंय ते यामुळे. एक दिवस त्यांच्याशी निवांत बसा आणि विचारा : वन्सं, तो मुलगा समोर आला असता तर तुम्हाला त्याच्याकडून काय हवं होतं? त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही. जे म्हणतील ते लिहून घ्या. ज्याचं नुकसान झालं त्याला कुणी विचारत नाही, ही तुमच्या क्षेत्रातली खरी उणीव आहे, आणि त्यांच्या उत्तरातून तुमच्या संस्थेला काही शिकता येईल. मुलाला कोर्टाच्या फेऱ्यातून बाहेर ठेवायचं म्हणजे त्याला जबाबदारीतून मोकळं करायचं नाही. आमच्या पोराला काकांच्या दारात उभं राहावं लागलं होतं, डोळे वर उचलून.

पुण्याचा प्रश्न येणार, हा तुमचा अंदाजही खरा आहे. 'तीनशे शब्दांचा निबंध लिहून सुटतात', हे कुणीतरी पहिल्या टेबलावरूनच म्हणेल. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये महागड्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, आणि सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. त्यावर लोकांना राग आला, तो रास्त होता. मंडळाने तीन दिवसांत तो आदेश बदललाही. तुम्ही त्या रागाशी वाद घालू नका. फक्त पुढचं सांगा : त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे मुलासाठी माणसं कुठपर्यंत धावू शकतात, याचीही ती गोष्ट आहे. तुमच्या मुलासाठी धावायला फक्त त्याची आई होती, आणि तिचा दिवसाचा पगार कापला जात होता. एका प्रकरणातला राग दुसऱ्या बाकावरच्या मुलावर निघू नये, एवढंच तुम्ही मागताय, आणि एवढं म्हणायला तुम्ही कचरू नका.

समिती सोडू नका. तुम्ही सोडलीत, तर त्याला विचारायचं काम दुसरं कुणीतरी करेल, आणि त्या माणसाला तुमच्यासारखी बोच लागणार नाही. बैठकीत सरळ म्हणा की मी त्याला विचारणार नाही, आणि इतर कुणी विचारू नये असा ठराव मांडते. मध्यंतरानंतरची पंधरा मिनिटं माझ्याकडे द्या. इतकी तयारी घेऊन गेलात, तर तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल.

उद्या तो आपणहून म्हणाला, 'काकू, मला बोलायचंय', तर? तेव्हाही घाई करू नका. त्याला पंचविशी गाठू द्या, कामधंद्याला लागू द्या. आणि त्याला बोलायची जागा दाखवा ती निरीक्षणगृहातल्या मुलांसमोरची, दारं बंद असलेल्या खोलीतली. तिथे ऐकणाऱ्याला त्याची गोष्ट उपयोगी पडेल, आणि तिथून ती बाहेर जाणार नाही.

शनिवारी तो नेहमीसारखा येईल, तेव्हा कार्यक्रमाचा विषय काढू नका. त्याला प्रॅक्टिकलचं विचारा. मोटार वाइंडिंगला त्याचा हात अजून बसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते जमलं का, तेवढं मला जरूर कळवा.

तुमची,
ताई